पंधरा पावलं

पहिला महिना उडी नव्हतीच.
मलप्रभेची वाळू ट्रॅक्टरनं येऊन पडलेली,
ती चाळायची. खडे, शिंपले, बाटलीची काच,
एकदा कुणाचं तरी जोडवं.
खड्ड्याच्या कडेला फुटकी कौलं उभी रोवलेली,
खानापूरच्या कारखान्यातनं फुकट मिळालेली.
मष्णू घाडी सर काजूच्या सावलीत डोळे मिटून
चाळणीचा आवाज ऐकायचे.
अजून खडा हाय, म्हणायचे.
असायचाच.

दुसऱ्या महिन्यात शेवटची तीन पावलं.
नुसती तीन. मधलं लांब, शेवटचं आखूड,
फळीवर पाय, आणि थांब.
कस्तुरव्वा वैतागली: हारोदु यावाग, सर?
उडायचं कधी, हेच मीही मराठीत विचारलं.
दोघींना मिळून एकच उत्तर:
परत.

मग पंधरा पावलं.
दहापर्यंत मी कस्तुरव्वाकडनं उसनी घेतली,
ओंदु, एरडु, मूरु,
सुरुवातीला पाय जड असतात, त्यांना ते बरं पडतं.
अकरापासून आपली.
अकरा बारा तेरा पळतच येतात,
चौदा जरा वाकते,
आणि पंधरा म्हणायला तोंड उघडावं
तर जमीन संपलेली.

वाळूतनं उठता उठता विचारायचं, किती झाली सर?
डावा हात मागं ऱ्हाऊलालाय.
नाही, पण किती?
हनुवटी वर ठेव.
आणि दंताळं पुढं करायचे.
आपली उडी आपणच पुसायची, असा नियम.
पुसताना मी हळूच बघून घ्यायचे
टाचेची खूण कितव्या कौलापर्यंत आली.
सर तिकडं बघून खोकायचे.

फळीच्या पुढं अंगठा गेला की उडी बाद.
आमच्याकडं रेषेवर बोलणारे पुष्कळ.
चहाच्या गाड्यावर, बारशाला, बाराव्याला,
ती कुठनं जायला पायजे होती, कुणी कुठं ओढली.
सर त्यात कधी बसले नाहीत.
एवढंच म्हणायचे,
पळताना रेषा शोधलीस की पाऊल चुकतंय,
पाऊल मोजलंस की ती पायाखाली येतीया.
आणि खरंच, पहाटे आम्ही पोचायच्या आधी
प्रत्येकीची काजूची बी
धावपट्टीच्या कडेला आपापल्या जागी असायची.
तिथनं निघायचं. कधी चार बोटं मागं सरकलेली,
कधी वीतभर पुढं.
सांगायचे नाहीत का.

बेळगावच्या मैदानावर पहिल्या दोन उड्या बाद.
लाल झेंडा दोनदा, कर्णा कन्नडात काहीतरी सांगत होता,
गणवेशातल्या मुली माझ्याकडं बघत होत्या.
तिसऱ्यांदा मी बी शोधली. बी नव्हती, खडूची रेघ होती.
ओंदु, एरडु...
मधे कुठंतरी मैदान गेलं, कर्णा गेला,
चौदा वाकली.
वर असताना मला फक्त एवढं कळलं
की हनुवटी वर आहे.

पाचवी आले.
आकडा प्रमाणपत्रावर आहे, प्रमाणपत्र पेटीत,
पेटी भावाकडं.
सरांनी वाळूकडं बोट केलं:
दोन्ही टाचा जोडून पडल्यात बघ.
एवढ्यात कुणीतरी दंताळं फिरवलं.
येताना बसमध्ये त्यांनी चिरमुरे घेतले, मिरची वेगळी,
आणि नंदगडच्या वळणावर झोपले.

या शिमग्यात त्यांच्या मुलीनं पिशवी दिली.
शिट्टी, चष्म्याची एक काडी, कापडी टेप.
एवढी वर्षं मला वाटायचं
त्यांच्या खिशात टेप नुसता फुगवट्याला आहे.
अंगणात उलगडला.
पहिले पाच मीटर, जिथं आमच्या उड्या मावल्या असत्या,
कोरे.
पुढं एकवीसला शाईनं बारीक क,
खोडून पुन्हा क, पुन्हा क.
चोवीसच्या आसपास माझं अक्षर,
अकरा ठिकाणी,
बोटभर मागं, बोटभर पुढं.

कंदील घेऊन यायचे की बॅटरी,
हे विचारायचं राहिलं.